पेंब्रुकशर स्वयंसेवक पलटणींच्या स्मृतिवस्तू
वेल्सच्या नैर्ऋत्य टोकास असलेल्या पेंब्रुकशर परगण्यातील स्वयंसेवक पलटणींशी निगडित मानचिन्हे व स्मारके. क्रांतिकारक फ्रान्सकडून स्वारीची भीती निर्माण झाल्यावर १७९४ मध्ये ब्रिटनभर जमीनदार व शेतकरी यांची हौशी घोडदळ पथके (योमनरी) उभी राहिली. पेंब्रुक योमनरी त्यांपैकी एक. बोअर युद्धापर्यंत (१८९९–१९०२) परदेशातील मोहिमा तिच्या वाट्यास आल्या नाहीत. साहजिकच तिचा सारा अभिमान ‘फिशगार्ड’ या एका शब्दाभोवती गोळा झाला.

२२ फेब्रुवारी १७९७ रोजी विल्यम टेट या अमेरिकन अधिकाऱ्याच्या हाताखाली सु. १,४०० फ्रेंच सैनिक फिशगार्डजवळ किनाऱ्यावर उतरले. त्यांत तुरुंगातून सोडलेल्या बंद्यांचा मोठा भरणा होता. अन्न व मद्य यांच्या शोधात ते शेतघरांवर पांगले. लॉर्ड कॉडर याने योमनरी, मिलिशिया, फेन्सिबल पायदळ व खलाशी मिळून सु. ६०० माणसे जमविली. २४ फेब्रुवारीस गुडविकच्या पुळणीवर फ्रेंचांनी शस्त्रे खाली ठेवली. किरकोळ चकमकींपलीकडे लढाई अशी झालीच नाही. तथापि १८५३ मध्ये व्हिक्टोरिया राणीने योमनरीस ‘फिशगार्ड’ हा युद्धसन्मान दिला. ब्रिटनच्या भूमीवरील कामगिरीबद्दल ब्रिटिश लष्करातील पलटणीस मिळालेला हा एकमेव सन्मान होय. प्रिन्स ऑफ वेल्सच्या तीन पिसांखाली हा शब्द असलेला टोपीचा बिल्ला ही पलटणीची सर्वांत परिचित स्मृतिवस्तू.

सन्मानाची ही वाटणी मात्र समन्यायी म्हणता येत नाही. शत्रूच्या सर्वांत जवळ असलेल्या फिशगार्ड फेन्सिबल पलटणीच्या वाट्यास तो आला नाही. तिचा तरुण प्रमुख टॉमस नॉक्स याने आरंभी माघार घेतली. पुढे त्याच्यावर भित्रेपणाचा ठपका आला व त्यास पद सोडावे लागले. वस्तुतः बळ अपुरे असता मागे सरून कॉडरला मिळणे अगदीच गैर नव्हते.

लोकस्मृतीने तिसऱ्याच व्यक्तीस मान दिला. जेमायमा निकोलस या स्त्रीने केवळ काट्याळ्याच्या (गवत उचलण्याच्या दातेरी अवजाराच्या) धाकाने बारा फ्रेंचांना पकडले, अशी जनश्रुती आहे. फिशगार्डच्या सेंट मेरी चर्चजवळ १८९७ मध्ये तिची स्मृतिशिला बसविण्यात आली. द्विशताब्दीनिमित्त (१९९७) स्थानिक स्त्रियांनी सु. ३० मी. लांबीचा भरतकामाचा चित्रपट तयार केला. त्यात सैनिकांबरोबर गावकऱ्यांनाही स्थान आहे. तो फिशगार्डच्या नगरभवनात ठेवलेला आहे.

१९०८ मध्ये योमनरी प्रादेशिक सेनेत समाविष्ट झाली. पहिल्या महायुद्धात तिचे पायदळात व १९२० मध्ये तोफखान्यात रूपांतर झाले. घोडे गेले, तरी नाव व सन्मान टिकून राहिले.