पडद्यावरचे रणगाडे : अस्सल किती, सोंग किती?

१९७० साली आलेल्या ‘पॅटन’ या गाजलेल्या युद्धपटात अमेरिकी सेनापती जॉर्ज पॅटन उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात जर्मन रणगाड्यांशी झुंजताना दिसतो. गंमत अशी, की पडद्यावरचे ते ‘जर्मन’ रणगाडे त्याच्याच नावाचे आहेत. चित्रीकरणाचा मोठा भाग स्पेनमध्ये झाला. तेथील लष्कराकडे महायुद्धानंतर अमेरिकेकडून मिळालेले पॅटन रणगाडे होते. त्यांनाच रंग फासून, काळे क्रूस काढून जर्मन केले गेले. १९६५ च्या युद्धात खेमकरण परिसरात भारतीय सैन्याने पाकिस्तानचे जे पॅटन रणगाडे निकामी केले, आणि ज्यांतले काही आजही आपल्या गावोगावच्या चौकांत विजयचिन्हे म्हणून उभे आहेत, ते याच कुळातले. भारतीय प्रेक्षकाला ही फसवणूक अमेरिकी प्रेक्षकाच्या आधी कळावी, असा हा योग आहे.

युद्धपटांतली शस्त्रे आणि वाहने काळाला धरून नसतात, ही तक्रार जुनी आहे. तिचे मूळ दिग्दर्शकाच्या आळसात असतेच असे नाही. युद्ध संपले की युद्धसामग्री भट्टीत जाते. दुसऱ्या महायुद्धातला जर्मनीचा सर्वांत दरारा असलेला ‘टायगर’ रणगाडा जेमतेम साडेतेराशेच्या आसपास बनला. त्यांतले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले, आणि तेही बहुतेक संग्रहालयांत न हलणारे. उलट सोव्हिएत टी-३४ हजारोंच्या संख्येने बनले आणि युद्धानंतरही पूर्व युरोपात अनेक वर्षे सेवेत राहिले. म्हणून चित्रपटसृष्टीने टी-३४ च्या सांगाड्यावर पत्रे ठोकून टायगर उभे करण्याची युक्ती काढली. युगोस्लाव्हियात ‘बॅटल ऑफ नेरेत्वा’ या चित्रपटासाठी असे रणगाडे तयार झाले. पुढे तेच ‘केलीज हीरोज’मध्ये वापरले गेले. १९९८ च्या ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’मधले टायगरही टी-३४ च्याच पायांवर चालतात.

‘पायांवर’ हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे, कारण सोंग ओळखायचे ते पायांवरून. वरचा बुरूज, तोफेची नळी, रंग हे सारे सुतार आणि पत्राकाम करणारे कारागीर बदलू शकतात. पट्ट्यांखालची चाके बदलणे मात्र फार कठीण. खऱ्या टायगरची चाके एकमेकांवर चढलेली, खवल्यांसारखी दिसतात. टी-३४ ला प्रत्येक बाजूला पाच मोठी, सुटी चाके असतात आणि त्यांच्यामधून उजेड दिसतो. रणगाडा आडवा जात असताना नजर खाली ठेवावी. बहुतेक वेळा निकाल तिथेच लागतो.

खरा, चालता टायगर एखाद्या कथापटात दिसण्याचा योग कितीतरी दशकांनी २०१४ च्या ‘फ्युरी’मध्ये आला. एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती लागलेला आणि इंग्लंडमधील बोव्हिंग्टनच्या संग्रहालयात जपलेला ‘टायगर १३१’ त्यात उतरला. शर्मन रणगाड्यांशी त्याची जी चकमक दाखवली आहे तिच्या डावपेचांवर जाणकारांनी बरेच ताशेरे ओढले. म्हणजे यंत्र अस्सल आणि युद्ध नाटकी, असेही होऊ शकते.

विमानांची कथा अधिक रंजक आहे. १९६९ च्या ‘बॅटल ऑफ ब्रिटन’साठी निर्मात्यांना जर्मन विमानांचे ताफे हवे होते. ती विमाने स्पेनमध्ये सापडली. हाइंकेल बाँबफेकी विमाने आणि मेसरश्मिट १०९ यांची स्पेनमध्ये परवान्याने बनवलेली रूपे तिथल्या हवाई दलात तोवर टिकून होती. मात्र जर्मन इंजिने मिळेनाशी झाल्यावर स्पेनने त्यांना ब्रिटिश रोल्स रॉइसची मर्लिन इंजिने बसवली होती. हे तेच इंजिन, जे १९४० साली स्पिटफायर आणि हरिकेन यांच्या पोटात होते. त्यामुळे या चित्रपटाच्या आकाशात शत्रू आणि मित्र एकाच इंजिनावर लढतात. स्पॅनिश मेसरश्मिटच्या नाकाखाली जी फुगीर हनुवटी दिसते, ती या बदललेल्या इंजिनाची खूण. दुसरी बाब अधिक गंभीर आहे. प्रत्यक्ष लढाईत ब्रिटिशांकडे स्पिटफायरपेक्षा हरिकेन जास्त होती आणि जर्मन विमाने पाडण्यातही त्यांचाच वाटा मोठा होता. पण चित्रीकरणाच्या वेळी उडू शकणारी हरिकेन अगदी मोजकी उरली होती, त्यामुळे पडद्यावर मान मिळाला तो स्पिटफायरला. जे टिकले त्याचाच इतिहास झाला.

पर्ल हार्बरवरील ‘तोरा! तोरा! तोरा!’ (१९७०) मध्ये जपानी ‘झीरो’ म्हणून दिसणारी विमाने मुळात अमेरिकी प्रशिक्षण विमाने होती. भारतीय हवाई दलात वैमानिकांच्या पिढ्या ज्या ‘हार्वर्ड’वर शिकल्या, त्याच जातीची.

काही चुका मात्र जाणूनबुजून केल्या जातात. ‘डंकर्क’ (२०१७) मधील जर्मन विमानांची नाके पिवळी आहेत. तो रंग जर्मनांनी काही महिन्यांनंतर वापरला. प्रेक्षकाला आपले आणि परके विमान चटकन ओळखता यावे म्हणून दिग्दर्शकाने ही सूट घेतली. त्याच चित्रपटात फ्रान्सची ‘माय्ये-ब्रेझे’ ही युद्धानंतर बांधलेली विनाशिका १९४० च्या ब्रिटिश जहाजाचे सोंग घेते. पिवळ्या नाकांबद्दल आमची तक्रार नाही. कथेच्या आकलनासाठी घेतलेली सूट आणि हाताशी आले ते वापरून टाकणे यांत फरक करायला हवा.

हातातल्या शस्त्रांबाबत ही सबब चालत नाही, कारण बंदुका मिळतात किंवा बनवता येतात. आपल्याकडे तपासणीची एक सोपी कसोटी आहे. १९६२ च्या चीन युद्धात भारतीय जवानाच्या हाती ३०३ बोल्टची रायफल होती, प्रत्येक गोळीमागे खटका ओढावा लागणारी. स्वयंभरणाची एसएलआर तिच्यानंतर सर्वत्र पोहोचली आणि १९७१ च्या युद्धाची ती ओळख ठरली. इन्सास रायफल नव्वदच्या दशकातली. बासष्टच्या चौकीवर एसएलआर किंवा एकाहत्तरच्या खंदकात इन्सास दिसली, तर ती निव्वळ बेपर्वाई समजावी. त्यातही बासष्टची चूक जास्त बोचते, कारण जुन्या रायफली घेऊन लढावे लागले हा त्या पराभवाच्या कथेचाच भाग आहे. मराठी ऐतिहासिक चित्रपटांतही तोड्याची बंदूक एकामागून एक बार काढते आणि भरीव लोखंडी गोळा जमिनीवर पडताच बाँबसारखा फुटतो. भरीव गोळा फुटत नाही; तो उसळत, माणसे आणि घोडे तोडत जातो. खरे दृश्य दाखवले तर ते अधिक भयंकर ठरेल.

अलीकडच्या हिंदी चित्रपटांत ‘पिप्पा’ (२०२३) यासाठी लक्षात राहतो. नोव्हेंबर १९७१ मधील गरीबपूरच्या लढाईत ४५ कॅव्हलरीने जे पाण्यावर तरंगणारे पीटी-७६ रणगाडे वापरले, ते जवानांमध्ये तुपाच्या डब्यावरून ‘पिप्पा’ म्हणून ओळखले जात. चित्रपटात खरा पीटी-७६ दिसतो. ज्यांना ही यंत्रे जवळून पाहायची आहेत त्यांनी अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय चुकवू नये. दोन तास तिथे घालवले की चित्रपट पाहण्याची नजर बदलते.

अस्सलपणाची किंमतही असते. खरी बंदूक ‘ब्लँक’ काडतुसांवर चालवली तरी नळीतून तप्त वायू वेगाने बाहेर पडतो आणि जवळच्या माणसाला इजा होऊ शकते. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेत ‘रस्ट’च्या सेटवर बंदुकीत खरी गोळी निघाली आणि छायालेखिका हलिना हचिन्स यांचा मृत्यू झाला. तेव्हापासून रबरी किंवा निकामी बंदुका वापरून ज्वाला संगणकावर रंगवण्याकडे कल वाढला आहे. दुसरी किंमत सरकारची. रणगाडे आणि विमाने सैन्याकडून घ्यायची, तर पटकथाही सैन्याला दाखवावी लागते. ‘अपोकॅलिप्स नाऊ’ला अमेरिकी लष्कराने मदत नाकारली, फिलिपिन्सच्या मार्कोस सरकारने हेलिकॉप्टर दिली, पण बंडखोरांशी लढण्यासाठी ती चित्रीकरणाच्या मध्येच परत बोलावली जात.

गोव्याचा या विषयाशी थेट संबंध आहे. मार्च १९४३ मध्ये मुरगाव बंदरातील ‘एरेनफेल्स’ या जर्मन जहाजावर कलकत्ता लाइट हॉर्सच्या निवृत्त मंडळींनी घातलेल्या छाप्यावर ‘द सी वुल्व्हज’ (१९८०) हा चित्रपट निघाला आणि त्याचे चित्रीकरण गोव्यात झाले. जागा अस्सल मिळाली. मूळ जहाज मिळणे शक्यच नव्हते, कारण छाप्याच्या रात्री जर्मन खलाशांनी ते स्वतःच बुडवले होते.

१९६१ च्या मुक्तिसंग्रामाच्या अखेरच्या दोन दिवसांवर उद्या कुणी मोठा चित्रपट काढायचा ठरवला, तर हीच अडचण येईल. दाबोळीवर बाँब टाकणारी कॅनबेरा आणि बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर तुटून पडलेली हंटर विमाने आता संग्रहालयांत किंवा चौथऱ्यांवर आहेत. १२० मिलिमीटरच्या चार तोफांचे ‘अफोंसो द आल्बुकेर्क’ हे पोर्तुगीज जहाज भारतीय युद्धनौकांच्या माऱ्याने जायबंदी होऊन किनाऱ्यावर चढले आणि नंतर भंगारात गेले. त्याच्याशी लढलेल्या ‘बेतवा’ आणि ‘बियास’ याही केव्हाच निवृत्त झाल्या. दाबोळीच्या नौदल हवाई संग्रहालयातील सी हॉक आणि अलिझे ही विक्रांतवरच्या ताफ्याच्या जातीची विमाने तेवढी जवळ, हात लावून पाहता येण्याजोगी उरली आहेत. बाकी सारे छायाचित्रे, आराखडे आणि त्या दिवसांत मुरगावच्या खाडीकाठी उभे राहून तोफांचा आवाज ऐकलेल्या वृद्धांच्या आठवणींवरून उभे करावे लागेल, आणि ती माणसेही आता थोडीच राहिली आहेत.