इनाम आणि वेतन : बिलियर्ड्‌सच्या टेबलाचा एक हिशेब

खेळांचे इतिहास आपल्याकडे बहुधा विजयांच्या तारखांनी लिहिले जातात. कोण जिंकला, कोठे जिंकला आणि कोणाला हरवून जिंकला, एवढे सांगून झाले की इतिहास पुरा झाला असे आपण मानतो. परंतु तो खेळाडू तेथवर पोहोचला कसा, त्याच्या सरावाचा, प्रवासाचा आणि घरच्या चुलीचा खर्च कोणी सोसला, हे क्वचितच कोणी विचारतो. आज तो प्रश्न आपण एका अशा खेळाच्या बाबतीत विचारणार आहोत, की ज्याचे नाव महाड-पोलादपूरच्या श्रोत्यांना काहीसे परके वाटावे. हिरव्या बनातीच्या टेबलावर काठीने चेंडू मारण्याचा हा खेळ. बिलियर्ड्‌स, स्नूकर आणि पूल ही त्याची तीन भावंडे.

खेळ परका असला तरी प्रश्न घरचाच आहे. आपण रायगडाच्या सावलीत राहणारी माणसे आहोत. शिवछत्रपतींनी लष्कराची घडी बसविली तेव्हा गावे तोडून देण्यापेक्षा रोख वेतन देण्यावर भर दिला, हे आपण शाळेत शिकलो. लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांसाठी बालपरवेशीची तरतूद मराठी राज्यात होती. पोलादपूरजवळच्या उमरठला तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपुढे हात जोडताना आपण पराक्रम आठवतो; पण त्या पराक्रमामागे माणसांना वेळेवर पगार देणारी एक व्यवस्थाही होती, हे विसरतो. पराक्रमानंतर दिले जाते ते इनाम. पराक्रम करता यावा म्हणून आधीपासून दिले जाते ते वेतन. हा भेद मनाशी धरून आपण पुढे जाऊ.

प्रथम खेळाची जडणघडण पाहू. पूर्ण मापाचे बिलियर्ड्‌सचे टेबल सुमारे १२ फूट लांब आणि ६ फूट रुंद असते. बनातीखाली लाकूड नसते, पाटीच्या दगडाच्या जाड फरशा असतात आणि साऱ्याचे मिळून वजन एका टनाहून अधिक भरते. पूर्वी चेंडू हस्तिदंताचे असत आणि एका सुळ्यातून मोजकेच चेंडू निघत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्यास दहा हजार डॉलरचे बक्षीस जाहीर झाले होते. त्या शोधाशोधीतूनच सेल्युलॉइड पुढे आले. सांगायचे ते इतकेच, की कुस्तीला जशी तांबडी माती आणि हुतुतूला जसे मोकळे अंगण पुरते, तसे या खेळाचे नाही. पक्के छप्पर, सपाट जमीन, दिवे आणि महागडे टेबल यांवाचून त्याचे पान हलत नाही. म्हणून ज्याच्या हाती टेबल, त्याच्या हाती खेळ, असा या खेळाचा इतिहास झाला.

हिंदुस्थानात टेबल होते गोऱ्यांच्या हाती. स्नूकर हा प्रकार तर जन्मला आपल्याच देशात. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने तो प्रथम मांडला आणि पुढे उटीच्या क्लबात त्याचे नियम ठरले. त्याच १८७५ साली मुंबईत बॉम्बे जिमखाना निघाला, आणि तेथे एतद्देशीयांना सभासद होता येत नव्हते. पोलादपूरहून आंबेनळीचा घाट चढून गेले की महाबळेश्वर लागते. मुंबई इलाख्याचे सरकार उन्हाळ्यात तेथे मुक्काम करी, आणि १८८१ साली तेथेही साहेबांचा क्लब निघाला. डोंगरावरच्या त्या जगाशी आपल्या खोऱ्याचा संबंध ओझी वाहण्यापुरता आणि चाकरीपुरता.

क्लबांत एक हिंदी माणूस मात्र टेबलाजवळ सदैव उभा असे. तो म्हणजे मार्कर. टेबल झाडणे, क्यूला खडू लावून देणे, गुण मोजणे आणि जोडीदार नसेल तेव्हा सभासदाबरोबर खेळणे, हे त्याचे काम. रोज टेबलापाशी वावरणारे हे लोक हुशार खेळाडू होत यात नवल नाही. परंतु त्या काळच्या स्पर्धा 'हौशी' खेळाडूंच्या असत. खेळावर पोट भरणारा माणूस हौशी ठरत नसे. ज्याला घरची ददात नाही तो हौशी, आणि ज्याला पोटासाठी टेबल पुसावे लागे तो धंदेवाईक. म्हणजे नियम शीलाचा दिसला तरी त्याची धार पडली गरिबावर. धंदेवाईक हा शब्द आपल्याकडे अजूनही थोडा नाक मुरडून उच्चारला जातो, त्याचे मूळ येथे आहे.

पुढे पारशी, हिंदू, इस्लाम असे जिमखाने मुंबईत उभे राहिले, क्लबांचे दरवाजे हळूहळू उघडले आणि या खेळाला आपले मोठे पुरुष लाभले. त्यांत पहिले नाव विल्सन जोन्स यांचे. त्यांचा जन्म १९२२ साली पुण्यात झाला. राष्ट्रीय बिलियर्ड्‌स विजेतेपद त्यांनी बारा वेळा मिळविले. १९५८ साली कलकत्त्यास ते हौशी बिलियर्ड्‌सचे जागतिक विजेते झाले. कोणत्याही वैयक्तिक खेळात जागतिक विजेता झालेला हा पहिला भारतीय. १९६४ साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी तो मान पुन्हा मिळविला. सरकारने त्यांना अर्जुन पुरस्कार दिला, १९६५ साली पद्मश्री दिली आणि १९९६ साली गुरू म्हणून द्रोणाचार्य पुरस्कार दिला. २००३ साली मुंबईत त्यांचे निधन झाले. मानसन्मानाची यादी मोठी आहे. पण तिच्यातली प्रत्येक ओळ विजयानंतरची आहे, हे आपल्या ध्यानात आले असेलच.

ही गोष्ट केवळ बिलियर्ड्‌सची नव्हे. खाशाबा जाधवांचे उदाहरण घ्या. १९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला. १९४९ साली संस्थान विलीन झाले. १९५२ साली हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा राजा उरला नव्हता आणि प्रजासत्ताकाला अजून या कामाची सवय नव्हती. वर्गणी गोळा झाली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. त्या पैशांवर स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आले. अर्जुन पुरस्कार मात्र खाशाबांना मरणोत्तर मिळाला. राजाश्रय गेला आणि राज्याश्रय आला नाही, या मधल्या पोकळीत एका शिक्षकाचे घर गहाण पडले.

मुंबईचे मायकेल फरेरा यांनी हा प्रश्न चारचौघांत मांडला. १९७७, १९८१ आणि १९८३ असे तीनदा ते हौशी बिलियर्ड्‌सचे जागतिक विजेते झाले. १९८१ साली त्यांना पद्मश्री देऊ केली, तेव्हा त्यांनी ती नाकारली. क्रिकेटमधल्या सुनील गावसकरांना पद्मभूषण मिळते, तर जागतिक विजेत्या बिलियर्ड्‌सपटूला तोच मान का नाही, असा त्यांचा सवाल होता. १९८३ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. काहींना यात अहंकार दिसला. परंतु सवाल एका माणसाचा नव्हता; ज्या खेळाला प्रेक्षकांची गर्दी नाही त्याचे मोल राष्ट्राने कोणत्या मापाने करावे, हा होता. तरीही तोही वाद इनामाचाच राहिला. वेतनाचा प्रश्न त्यातही मागेच पडला.

वेतनाची सोय पुढे केली ती मुख्यतः नोकरीने. रेल्वे आणि सरकारी तेल कंपन्या यांनी खेळाडूंना कामावर घेतले. पेट्रोलियम क्रीडा मंडळाचे बिलियर्ड्‌सपटू राष्ट्रीय स्पर्धांत उतरू लागले. महाराष्ट्र शासनानेही नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखल्या. ही व्यवस्था चांगली आहे. पगार लागला की खेळाडूचे चित्त स्थिर होते. पण तिच्यात दोन उणिवा आहेत. नोकरी मिळते ती नाव झाल्यावर. आणि परदेशांतल्या व्यावसायिक स्पर्धांत वर्षभर फिरणाऱ्याला नोकरीचा तेवढा आधार पुरत नाही.

व्यावसायिक स्नूकरचे केंद्र इंग्लंडात. तेथे खेळाला पैसा दिला तो सिगारेटच्या कंपनीने. १९७६ पासून २००५ पर्यंत जागतिक स्पर्धा एका सिगारेटच्या नावाने भरत असे. दूरदर्शन आणि तंबाखू यांच्या खांद्यावर तो खेळ मोठा झाला. आपल्याकडून तेथे प्रथम गेले मुंबईचे यासीन मर्चंट. १९८९ साली ते आशियाई विजेते झाले होते. पुढे मुंबईचेच आदित्य मेहता २०१३ साली दिल्लीत भरलेल्या मानांकन स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले. तेथवर पोहोचणारे ते पहिले भारतीय. चीनच्या डिंग जुनहुईने त्यांना हरविले. त्याच वर्षी कोलंबियातील जागतिक क्रीडा स्पर्धांत मेहतांनी सुवर्णपदकही मिळविले. अशा खेळाडूला परमुलखात खोली भाड्याने घ्यावी लागते, गावोगावचा प्रवास करावा लागतो, आणि पहिल्याच फेरीत हार झाली तर हाती येणारी रक्कम नगण्य असते. डिंगच्या मागे एक अवघा देश या खेळाकडे वळलेला होता. आपल्या खेळाडूमागे बहुधा त्याचे घर असते.

सरकारी मदतीचे रस्तेही ऑलिंपिकच्या गावाला जातात. १९९८ साली राष्ट्रीय क्रीडा विकास निधी निघाला आणि २०१४ साली ऑलिंपिक पदकांचे लक्ष्य ठेवून स्वतंत्र योजना सुरू झाली. बिलियर्ड्‌स, स्नूकर, पूल हे ऑलिंपिकमध्ये कधीच नव्हते. आशियाई स्पर्धांत ते १९९८ साली आले. बँकॉकला मुंबईच्या अशोक शांडिल्य यांनी एकेरीत आणि गीत सेठींच्या जोडीने दुहेरीतही बिलियर्ड्‌सचे सुवर्ण मिळविले. पण २०१० नंतर हा खेळ तेथूनही वगळला गेला. स्पर्धेच्या यादीतून नाव गळाले की निधीचा झरा आटतो, असा हा मामला. आणि योगायोग पाहा. ऑलिंपिक खेळाडूंच्या मदतीसाठी २००१ साली प्रकाश पदुकोण यांच्यासह खासगी संस्था काढणारे एक गृहस्थ होते हेच गीत सेठी. ज्यांच्या खेळाला ऑलिंपिकची दारे बंद, त्यांनी इतरांच्या वाटेवर दिवे लावले.

आता पंकज अडवाणींचे उदाहरण पाहू. त्यांचा जन्म १९८५ साली पुण्यात, म्हणजे विल्सन जोन्स यांच्याच गावी. पण ते घडले बंगळूरला. तेथे कर्नाटक राज्य बिलियर्ड्‌स संघटनेच्या टेबलांवर, अरविंद सवूर यांच्या देखरेखीखाली, त्यांनी लहान वयात हात बसविला. २०२४ अखेर त्यांच्या नावावर २८ जागतिक विजेतेपदे जमा होती. तेही २०१२ ते २०१४ अशी दोन वर्षे व्यावसायिक स्नूकर खेळून मायदेशी परतले. यातून मी एकच निष्कर्ष काढतो. प्रतिभा कोठे जन्मते हे आपल्या हाती नसते. टेबल कोठे ठेवायचे हे असते.

श्रोत्यांपैकी कोणी म्हणेल, आमच्या तालुक्यांत असल्या खेळाची चर्चा कशाला? महाडात 'पूल' म्हटले की आठवतो तो सावित्रीवरचा पूल आणि २ ऑगस्ट २०१६ ची काळरात्र. २०२१ च्या जुलैत तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, पोलादपूरकडेही दरडी कोसळल्या, महाडच्या बाजारपेठेत पुराचे पाणी शिरले. अशा ठिकाणी आधी माणसाचा जीव आणि निवारा, मग खेळ. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला युक्तिवादाने बगल देणे उचित होणार नाही. परंतु क्रीडेसाठी म्हणून जो पैसा वेगळा काढलेलाच आहे, तो कोणाला, कधी आणि कोणत्या अटीवर द्यावा, एवढाच आपला प्रश्न आहे. दरडीचा पैसा टेबलाला द्या असे कोणी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप जुगाराचा. जेथे पूलची टेबले भाड्याने मिळतात तेथे पैजा लागतात, असे आईबाप म्हणतात, आणि ती भीती सर्वस्वी निराधार नाही. पण अंधाऱ्या खोलीतला खेळ जुगाराकडे झुकतो, उघड्या सभागृहातला झुकत नाही. फिलिपाइन्सचा एफ्रेन रेयेस मनिलात आपल्या काकांच्या पूलच्या अड्ड्यावर वाढला आणि १९९९ साली जागतिक विजेता झाला. तेथे तो लोकांचा खेळ आहे, कारण टेबल लोकांच्या वस्तीत आहे. आपल्याकडे हुतुतूचेही असेच झाले. कोकणच्या अंगणातली ही कबड्डी १९९० साली आशियाई स्पर्धांत गेली, २०१४ साली तिची व्यावसायिक लीग निघाली, आणि ज्या खेळाला कोणी मोल देत नव्हते त्यावर मुलांची घरे चालू लागली.

शेवटी एक गोष्ट या गावाची. तिची बरोबरी कोणत्याही खेळाशी करणे औचित्यभंग होईल. परंतु तिचा धडा सर्वच सार्वजनिक कामांना लागू आहे. १९२३ साली मुंबई कायदे मंडळात बोले यांचा ठराव झाला, १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने तळे सर्वांना खुले असल्याचे ठरविले, आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सहकाऱ्यांसह चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यावे लागले. दफ्तरातला ठराव आणि ओंजळीतले पाणी यांत किती अंतर असते, हे महाडला कोणी शिकवावयास नको. सार्वजनिक पैशातून जे उभे राहील त्यावर शेवटच्या माणसाचा हात पोहोचला पाहिजे. टेबल क्लबाच्या भिंतीआड असेल, तर खेळाडूंसाठी दिलेले राष्ट्राचे पैसे मूठभरांच्याच घरी जातील, आणि तशा मदतीला विरोध करणाराच बरोबर ठरेल.

म्हणून मागणे मोठे नाही. जिल्ह्याच्या क्रीडा संकुलात एक-दोन टेबले असावीत; पूलचे टेबल ९ फुटांचे असते, त्याला जागाही कमी लागते आणि खर्चही. त्यांवर शाळेतल्या मुलामुलींना नाममात्र फीमध्ये खेळता यावे आणि शिकवायला पगारी मार्गदर्शक असावा. जुन्या मार्करचे जे कसब आपण नोकरपणात काढले, त्याला तेथे गुरूचा मान मिळेल. आणि राज्याच्या स्पर्धेत वर आलेल्या खेळाडूला, जागतिक विजय मिळण्याची वाट न पाहता, ठरावीक वर्षे ठरावीक मानधन मिळावे. दरवर्षी त्याच्या कामगिरीची उघड तपासणी व्हावी. आणि पुढे व्यावसायिक म्हणून त्याला भरपूर पैसा मिळाला, तर त्यातला वाटा त्याने त्याच टेबलांच्या निगराणीसाठी परत द्यावा. विल्सन जोन्स यांना इनामे पुष्कळ मिळाली आणि ती योग्यच होती. पुढच्या मुलाला वेतन केव्हा मिळेल, हे आपल्या नगरपालिकेला, जिल्हा परिषदेला आणि आमदार-खासदारांना आपण मतदार म्हणून विचारू शकतो; तो अधिकार बजावावा, एवढीच आपणांस विनंती.