डोंगरापुढचा माणूस

पावसाळ्यातल्या रविवारी पुणे–लोणावळा लोकल तळेगाव सोडते, वडगाव, कान्हे, कामशेत घेत मळवलीला लागते आणि निम्मा डबा तिथेच रिकामा होतो. लोहगड, विसापूर, भाजे, सगळ्यांची वाट इथूनच. संध्याकाळी परत निघताना यातल्या बहुतेकांच्या फोनमध्ये एक फोटो हमखास असतो. कड्याच्या टोकाला पाठमोरा माणूस, अंगात लाल नाहीतर पिवळा रेनकोट, पुढे ढग आणि खाली पवनेचं पाणी. चेहरा दिसत नाही, दिसावा अशी अपेक्षाही नसते. हा पाठमोरा तिथे आला कुठून, याचा माग काढायला बसलं की दोनशे वर्षं मागे जावं लागतं, आणि त्यातली बरीचशी वाट मावळातूनच जाते.

आपल्या जुन्या भित्तिचित्रांत त्याचा पत्ता नाही. तिथे डोंगर, झाडं, हत्ती, माणसं एकाच पातळीवर मांडलेली असत. राजा मोठा आणि चवरी ढाळणारा लहान, तो मानामुळे, अंतरामुळे नव्हे. लांबचं लहान दिसतं हा हिशेब पुण्यात आला तो सवाई माधवरावांच्या काळात. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत उतरला, पुण्यातला इंग्रज रेसिडेंट मॅलेट याच्या ओळखीने पेशवे दरबारात पोचला. शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली, आणि तिथल्या गंगाराम तांबटाने लेणी मोजून-मापून कागदावर उतरवली. १८०४ मध्ये हेन्री सॉल्ट लॉर्ड व्हॅलेन्शियाबरोबर घाट चढून पुण्याकडे आला, त्याने कार्ल्याचं लेणं चितारलं.

या मंडळींपुढची अडचण खरी होती. कार्ल्याचा चैत्य सव्वाशे फुटांच्या आसपास लांब आणि पंचेचाळीस फूट उंच. पण कागदावर नुसती कमान काढली, तर ती चैत्याची की घरातल्या देव्हाऱ्याची, हे लंडनमध्ये बसलेल्याला कळणार कसं? म्हणून खांबाच्या पायथ्याशी दोन-तीन माणसं काढायची. एक बसलेला, एक काठी टेकून उभा. त्यांना नाव नाही, काम नाही. त्यांनी तिथे असायचं ते साडेपाच फुटांचं माप म्हणून. मावळातल्या निसर्गचित्रात माणूस शिरला तो असा, गजकाठी होऊन.

कॅमेरा आला तेव्हा ही नेमणूक आयतीच पुढे चालू राहिली. १८५४ मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. हरिश्चंद्र चिंतामणी या वर्गातून शिकून धंद्यात उतरले. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही सोसायटीचे हौशी सभासद. त्यांनी काढलेले निरनिराळ्या जातिजमातींचे फोटो ‘इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’मध्ये छापून आले. म्हणजे स्टुडिओत माणूस ‘नमुना’ आणि बाहेर डोंगरात ‘माप’, अशी वाटणी होती. दोन्हीकडे नाव मात्र क्वचितच.

त्या काळचं तंत्रही असं, की माणसाला खांबासारखं उभं राहणं भागच होतं. काचेवर कलोडियन पसरायचं, चांदीच्या क्षारात बुडवायचं, आणि ती काच ओली आहे तोवर फोटो घेऊन धुवायची. त्यासाठी अंधारा तंबू बरोबर वागवायचा. लेन्स उघडी ठेवायची ती काही सेकंद; तेवढ्यात कोणी मान वळवली की मानेच्या जागी धूर. इजिप्तमध्ये १८५० च्या सुमारास मॅक्सिम द्यू कां या फ्रेंच लेखकाने यावर नामी युक्ती केली होती. हाजी इस्माईल नावाच्या आपल्या नावाड्याला तो मापासाठी पुतळ्यांवर चढवायचा आणि सांगायचा, ही पितळी नळी म्हणजे तोफ आहे, हललास तर उडेल. बिचारा जागचा हलायचा नाही. द्यू कांने हे स्वतःच लिहून ठेवलं आहे, तेही मोठ्या मौजेने. निदान त्यामुळे एका गजकाठीचं नाव तरी आपल्याला माहीत आहे.

बोरघाटातल्या गजकाठ्यांना तेवढंही मिळालं नाही. घाटातल्या रेल्वेची चढण पावणेसोळा मैलांची, जास्तीत जास्त चढ सदतिसास एक, वाटेत पंचवीस बोगदे. सॉलोमन ट्रेडवेल या कंत्राटदाराने १८५९ मध्ये काम हाती घेतलं आणि लगेचच तो वारला. कंत्राट त्याची बायको ॲलिस हिने पुढे चालवलं. घाटाच्या बांधकामाची छायाचित्रं तिच्या नावावर ब्रिटिश लायब्ररीत आहेत. काम ऐन भरात असताना घाटात चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते, आणि पटकीने किती दगावले याची मोजदाद नीट झालीच नाही. १८६३ च्या एप्रिलमध्ये गाडी सुरू झाली. रेल्वेबांधणीच्या त्या काळच्या छायाचित्रांत पुलाच्या कमानीखाली एखादा माणूस उभा दिसतो. हजारोंनी पूल बांधायचा आणि एकाने त्याची उंची दाखवायला उभं राहायचं! असे फोटो पाहताना माझी नजर आता पुलाकडे जातच नाही.

पुढे पुरातत्त्व खात्याने माणसाच्या जागी तांबडे-पांढरे पट्टे मारलेली खरीखुरी मोजपट्टी आणली आणि या नोकरीतून त्याची सुटका झाली. याच खात्यात १९०३ मध्ये एक छायाचित्रकार लागले, ते धुंडिराज गोविंद फाळके. त्याआधी त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले होते, नंतर लोणावळ्यात स्वतःचा छापखाना काढला. राजा रविवर्म्याचा शिळाछापखाना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मळवलीजवळ आला होता. त्याच्यासाठीही फाळक्यांनी काम केलं. मळवलीच्या छापांत नातं बरोब्बर उलटं आहे. लक्ष्मी, शकुंतला, दमयंती पुढे, ठसठशीत. तलाव, डोंगर मागे, पडद्यासारखे. घरोघरी पोचली ती हीच मांडणी. फोटो स्टुडिओतही रंगवलेल्या सरोवरापुढे खुर्चीत बसून फोटो काढून घेणाऱ्या पिढ्या होऊन गेल्या. आजच्या सेल्फीचं मूळ मला इथे दिसतं. पाठमोऱ्याचं घराणं वेगळं.

पाठमोरा मूळचा जर्मन. कास्पार डाव्हिड फ्रीडरिशने १८१८ च्या सुमारास धुक्याच्या समुद्रापुढे पाठ करून उभा केलेला भटक्या हा त्याचा मूळपुरुष. अंगावरचा लाल रंग मात्र अमेरिकन. कोडॅक्रोम फिल्म १९३५ पासून बाजारात आली, लाल रंग तिच्यावर झणझणीत उठायचा, आणि नॅशनल जिओग्राफिकचे छायाचित्रकार निसर्गदृश्यात लाल शर्टवाला उभा करू लागले. इतक्या वेळा, की पुढे या प्रकाराला ‘रेड शर्ट स्कूल’ असं चेष्टेने म्हटलं गेलं. आपला रेनकोट त्याच शाळेतला.

या सगळ्याहून निराळा माणूस सापडतो तो तळेगावात. गो. नी. दांडेकर तळेगाव दाभाड्याला राहायचे, गड पालथे घालायचे आणि गडांची छायाचित्रंही काढायचे. पण मी इथे त्यांच्या फोटोंपेक्षा कादंबऱ्यांकडे बोट दाखवीन. पवनाकाठचा धोंडी काय, राजमाचीवरचा बुधा काय, ही माणसं डोंगराची उंची सांगायला तिथे नाहीत. मुंबई सोडून माचीवर परतलेल्या बुधाला तिथे शेत आहे, झाडं आहेत, जनावरं आहेत. त्याला काढून टाकलं तर माची ओकीबोकी होते. फोटोतला माणूस निवडताना मला ही कसोटी लावावीशी वाटते: त्याचं त्या जागी काही काम आहे का? भातखाचरात इरलं घेतलेली बाई, गुरं वळणारा पोरगा, गडाच्या पायऱ्यांवर ताकाची कळशी टेकवून दम खाणारी मावशी. यांना ‘जरा इकडे उभे राहा’ म्हणावं लागत नाही. फोटो काढू का, एवढं मात्र विचारायला हवं.

आणि मग अंतर. इथे बहुतेकांची गफलत होते. तिकोना समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार फूट, पवनेचा जलाशय सुमारे दोन हजार. म्हणजे पाण्याच्या काठावरून गड दीड हजार फूट वर. गडापासून दहा हजार फुटांवर, म्हणजे सुमारे तीन किलोमीटरवर आपण उभे आहोत असं धरा. बरोबरच्या साडेपाच फुटी माणसाला सदतीस फुटांवर उभं केलं, तर फोटोत तो आणि तिकोना अगदी सारख्या उंचीचे येतात. आता माणूस तिथेच ठेवून आपण मागे सरकायचं, दोघांत एकशे पंच्याऐंशी फूट पडेपर्यंत. तिकोना जवळपास होता तेवढाच राहतो, माणूस मात्र पाचपट लहान होतो. मग टेली लेन्स लावून फ्रेम आवळली की त्याच माणसामागे पाचपट उंच गड उभा. गड वाढवला तो लेन्सने नव्हे, मागे टाकलेल्या पावलांनी. फोनची वाइड लेन्स घेऊन दोन हातांवरून फोटो काढला की तिकोन्याची टेकडी होते आणि दोष बिचाऱ्या फोनला मिळतो.

आकाशातून पाहिलं की हे गणितच मोडतं. उद्धव ठाकरे यांच्या ‘महाराष्ट्र देशा’ या २०१० च्या पुस्तकात किल्ले हेलिकॉप्टरमधून टिपलेले आहेत. तिथे माणूस दिसला तर ठिपका. पण पुढच्याच वर्षीच्या ‘पहावा विठ्ठल’मध्ये तेच ठिपके वारीचे आहेत, आणि तिथे निसर्गदृश्य म्हणावं ते माणसांचंच.

ड्रोनच्या या दिवसांतही कड्याच्या टोकाचा पाठमोरा हटलेला नाही. २०२४ च्या पावसाळ्यात भुशी धरणाजवळ पर्यटक वाहून गेल्याच्या दुर्घटनेनंतर जिल्हा प्रशासनाने मावळातल्या धोक्याच्या जागी सेल्फी आणि चित्रीकरणावर बंदीचे आदेश काढले. खरं तर टोकाची गरज फोटोलाही नसते. लोहगडावर फोटो काढणाऱ्याने मुख्य गडावरच थांबावं, बरोबरच्याला खाली विंचूकाटा या सोंडेवर मधल्या वाटेने चालत जाऊ द्यावं. तो पुरेसा लांब गेला की टेलीतून सोंडेची सगळी लांबी त्याच्यापुढे पसरते. आणि त्याला थांबायला सांगू नये. एवढ्या अंतरावरून उभा माणूस दगडात मिसळून जातो. पाऊल उचलून चालणारा मात्र लगेच माणूस म्हणून ओळखू येतो.