चाकाची रुंदी कुठून मोजायची?

मागच्या दिवाळीत आमचा एक जुना विद्यार्थी त्याच्या वडिलांची जीप घेऊन दारात आला. 1993 साली किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा त्याचे वडील याच जीपमधून नांदेडहून औसा तालुक्यात धान्य आणि घोंगड्या पोचवत होते. वडील आता नाहीत. चाकं गंजली होती. ती बदलून गाडी चालती ठेवायची, एवढीच त्याची इच्छा.

"सर, रिमची रुंदी तेवढी मोजून द्या," म्हणाला.

मी टेप लावली. या काठापासून त्या काठापर्यंत साडेपाच इंच. तसं कागदावर लिहून दिलं. त्याने लातूरहून साडेपाच इंची जुनी चाकं आणली. पाचही बोल्ट बरोबर बसले, म्हणून आम्ही निर्धास्त. आणि पहिल्याच मोठ्या वळणावर पुढचा टायर पाट्यांना घासला. गाडीचा वेग कमी होता म्हणून निभावलं. चूक माझी होती.

मेकॅनिकने समजावलं तेव्हा कळलं. टायरच्या आतल्या कडेत पोलादी तार असते. त्या कडेला बीड म्हणतात. (आपला शेजारचा जिल्हा नव्हे!) ही बीड रिमच्या काठाला आतून जिथे टेकते, तिथून समोरच्या तशाच जागेपर्यंतचं अंतर म्हणजे रिमची रुंदी. दुमडलेल्या काठांची जाडी त्यात धरायची नाही. बाहेरून मोजलं की आकडा साधारण इंचभर जास्त येतो. म्हणजे मूळ रिम साडेचार इंचांचा होता. टायरवर 6.00-16 लिहिलेलं असतं, त्यातले 6 इंच टायरच्या रुंदीचे आणि 16 इंच रिमच्या व्यासाचे. रिमची रुंदी त्यात नसतेच.

मी आयुष्यभर इतिहास शिकवला, आणि गंमत बघा, हाच धडा आपल्या भागाच्या इतिहासात डोळ्यांसमोर होता. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे 1897 साली सुरू झाली आणि 1911 साली लातूरला पोचली. तिचा गेज अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. नांदेडवरून जाणारी निजामाची मनमाड-सिकंदराबाद लाइन मीटर गेजची, म्हणजे 1000 मिलिमीटर. हा गेजही दोन रुळांच्या आतल्या कडांमधला असतो, कारण चाकाची कड रुळाला आतूनच लागून चालते. रुळाच्या माथ्याची जाडी त्यात धरत नाहीत. लातूरचा डबा नांदेडच्या रुळावर चढणं शक्य नव्हतं. दोन्हीकडे ब्रॉडगेज, म्हणजे 1676 मिलिमीटर, आलं तेव्हा कुठे हा भेद मिटला.

बैलगाडीचं उलटं. लोहार धाव बसवताना लाकडी चाकाचा बाहेरून घेर घेतो. धाव त्याहून किंचित लहान ठेवतो, तापवून चढवतो आणि पाणी ओततो. लोखंड आकसतं आणि आरे-पुठ्ठे घट्ट आवळले जातात. म्हणजे जिथे दोन वस्तू एकमेकींना भिडतात, माप तिथलं घ्यायचं. धावेला ती जागा चाकाच्या बाहेर, रुळाला आणि रिमला आत.

पण आमच्या घोटाळ्यात रुंदी अर्धीच दोषी होती. साडेचारचे साडेपाच झाले, म्हणजे 25 मिलिमीटर वाढले. ते दोन्हीकडे सारखे वाटले तर आत जेमतेम 13 मिलिमीटर येतात. उरलेला दोष ऑफसेटचा. चाक हबवर जिथे टेकतं, ती बैठक रिमच्या बरोबर मध्यावर असेलच असं नाही. ती बाहेरच्या अंगाला सरकलेली असेल, तर सगळं चाक तितकंच गाडीच्या आत जातं. आणलेल्या चाकांची बैठक जुन्यापेक्षा 20 मिलिमीटर बाहेर होती. 13 आणि 20 मिळून 33. जवळजवळ सव्वा इंच टायर आत आला. सरळ रस्त्यावर कळलं नाही, वळताना कळलं.

आमच्या पिढीने मापांची अदलाबदल पुष्कळ पाहिली. 1957 साली नवे पैसे आले, 1958 पासून किलो-मीटर येऊ लागले. शेर, मण, फर्लांग गेले. रिमचा इंच मात्र गेला नाही. आजच्या टायरवर 185/65 आर 15 लिहितात. त्यातली रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि रिमचा व्यास इंचात! एकाच ओळीत तीन हिशेब. आकडा वाचता आला म्हणजे माप कळलं असं नाही, हे मी मुलांना नकाशाच्या प्रमाणाबद्दल सांगायचो. स्वतःच विसरलो.

असो. शेवटी साडेचार इंची, तशाच बैठकीची चाकं मिळाली. या वेळी मी टायर काढायला लावून आतून मोजलं. मग बैठकीपासून आतल्या काठापर्यंतचं अंतर जुन्या-नव्या दोन्ही चाकांचं शेजारी ठेवून ताडून पाहिलं. गाडी जॅकवर चढवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवलं. कुठे घासलं नाही.

विद्यार्थी म्हणाला, "सर, आता लातूरपर्यंत जाऊन येऊ?"

म्हटलं, "चल. पण आधी दहा किलोमीटरवर थांबून नट पुन्हा आवळ."