उपग्रह गेला, माणूस राहिला

राकेश शर्मा कोण, हे बारामती-इंदापूर एसटीत कुणालाही विचारा, सांगतील. पण पी. राधाकृष्णन? तुम्हीही अडखळलात ना!

१९८४ च्या मोहिमेसाठी शर्मांसोबत रवीश मल्होत्रांनीही मॉस्कोजवळ तेच प्रशिक्षण घेतलं. ते राखीव राहिले. राखीव माणूस म्हटल्यावर ते ठरलेलंच. राधाकृष्णन यांचं तसं नव्हतं. इस्रोचे हे शास्त्रज्ञ इन्सॅट-१सी उपग्रहासोबत १९८६ मध्ये अमेरिकन शटलमधून जाणार होते. राखीव होते एन. सी. भट.

२८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर ७३ सेकंदांत फुटलं, सातही जण गेले. १९८३ मध्ये आपला इन्सॅट-१बी वर नेणारं यान हेच. पुढे शटलमधून व्यापारी उपग्रह नेणंच थांबलं आणि राधाकृष्णन यांचं उड्डाणही राहिलं.

साहित्य आढाव्यात आपण झालेल्या प्रयोगांचेच पेपर वाचतो, रद्द झालेल्यांची फाईल कोण उघडतं? तुम्ही उघडून बघा. १९८८ मध्ये इन्सॅट-१सी युरोपच्या एरियान रॉकेटवरून गेला. त्यात माणसाला बसायला जागाच नव्हती.