तळटीप : सेलबर्नच्या पायवाटा

* सेलबर्न : दक्षिण इंग्लंडच्या हॅम्पशायर कौंटीतले खेडे, निसर्गअभ्यासक गिल्बर्ट व्हाइट (१७२०–१७९३) यांचे जन्मगाव. गावामागे बीच वृक्षांनी झाकलेला खडूच्या खडकाचा उभा चढ आहे; त्याला ‘हँगर’ म्हणतात. १७५३ मध्ये गिल्बर्ट आणि त्यांचे भाऊ जॉन यांनी तिथे नागमोडी वाट खोदली. ही ‘झिगझॅग’ आजही पायांखाली आहे. ज्यांना खडा चढ नको, त्यांच्यासाठी १७८० मध्ये ‘बॉस्टल’ ही तिरकी, सौम्य वाट झाली. अशा रोजच्या फेरफटक्यांतून व्हाइट यांनी दिसायला जवळपास सारखे असणारे तीन चिमुकले पक्षी मुख्यतः आवाजावरून वेगळे ओळखले. केवढी ही कानांची तपश्चर्या!

मजकुरातले फिरस्ते थेट शेतातून जातात, ते अतिक्रमण नव्हे.

इंग्लंडमध्ये जमीन खासगी असली, तरी नोंदलेल्या सार्वजनिक पायवाटेवरून चालण्याचा हक्क सर्वांना आहे. या वाटांचे अधिकृत नकाशे तयार करणे १९४९ च्या कायद्याने कौंटी कौन्सिलांवर बंधनकारक झाले. शेतातली वाट नांगरली गेली, तर शेतकऱ्याने ती ठरावीक मुदतीत पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची असते. खांबावरचा पिवळा बाण पायी चालणाऱ्यांसाठी. निळा असेल तर घोडेस्वार आणि सायकलस्वारांनाही मुभा. चालणाऱ्याचेही कर्तव्य आहेच : फाटक जसे सापडले तसे ठेवावे, मेंढ्यांजवळ कुत्र्याचा पट्टा हाती धरावा.

हँगरची देखभाल आज नॅशनल ट्रस्ट करते. २०१० पासून हा परिसर साउथ डाउन्स राष्ट्रीय उद्यानात येतो. — संपादक