विद्यार्थी-मिशनऱ्यांची परतवाट

अमेरिकेतील प्रॉटेस्टंट पंथीयांच्या परदेशी मिशनकार्याचा, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसारासाठी परमुलखात जाऊन उपदेशाबरोबर शाळा, छापखाने व दवाखाने चालवण्याच्या कार्याचा, इतिहास बहुधा प्रस्थानांच्या तारखांवर रचला जातो. कोण कोणत्या जहाजाने निघाले याची आवर्जून नोंद होते. ते मायदेशी परतले तेव्हा काय घडले, यासाठी चरित्राच्या अखेरीस एखादा परिच्छेद राखलेला असतो. वस्तुतः या कार्याला मिळालेली काही मोठी वळणे परतलेल्या माणसांमुळेच मिळाली, आणि विद्यार्थ्यांमधून उभ्या राहिलेल्या मिशनच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे.

या परंपरेचा आरंभच विद्यार्थ्यांनी केला. मॅसॅच्युसेट्समधील अँडोव्हर येथे पाळकांचे शिक्षण देणारे विद्यालय होते. तेथील चार विद्यार्थ्यांनी १८१० मध्ये आपल्याला परदेशी पाठवावे असा विनंतीअर्ज केला आणि त्यातून ‘अमेरिकन बोर्ड’ ही मिशनरी धाडणारी संस्था जन्मास आली. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम येथे पाच तरुणांना पाळकपदाची दीक्षा देण्यात आली. परदेशी मिशनची सेवा आजन्म समजली जात होती, शिडाच्या जहाजाने कलकत्त्यास पोहोचण्यास चार महिने लागत होते आणि निरोप घेणाऱ्यांनी पुन्हा भेटीची आशा जवळजवळ सोडलेली असे. या पाचांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले. पुढे ‘अमेरिकन मराठी मिशन’ म्हणून ओळखल्या गेलेल्या कार्याचा पाया तेथे पडला. नॉट प्रकृती ढासळल्याने १८१५ मध्ये मायदेशी परतले. हॉल मात्र शेवटपर्यंत राहिले आणि १८२६ च्या मार्चमध्ये नाशिकच्या दौऱ्यावरून परतत असताना पटकीने वाटेतच वारले.

पाचांतील ल्यूथर राइस यांची परतवाट सर्वांत फलदायी ठरली, ती मतांतरामुळे. बाप्तिस्मा समजत्या वयात, स्वतःच्या श्रद्धेच्या कबुलीनंतरच द्यावा असे मानणाऱ्या बाप्टिस्ट पंथात ते आणि अ‍ॅडोनायरम जडसन भारतात आल्यावर गेले, आणि त्यामुळे अमेरिकन बोर्डाशी त्यांचा संबंध तुटला. जडसन ब्रह्मदेशाकडे वळले. राइस १८१३ मध्ये अमेरिकेस परतले, गावोगाव फिरून त्यांनी बाप्टिस्ट मंडळ्यांना मिशनच्या नावाने एकत्र आणले आणि १८१४ च्या मे महिन्यात फिलाडेल्फिया येथे त्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. राइस पुन्हा पूर्वेकडे गेले नाहीत, परंतु जडसन यांचे रंगूनमधील काम या परतलेल्या सोबत्याच्या वणवणीवर उभे राहिले, हे विसरता येत नाही.

जडसन स्वतः परतले ते तेहतीस वर्षांनी. १८४५ च्या ऑक्टोबरात ते बोस्टनला उतरले तेव्हा त्यांची दुसरी पत्नी सेरा वाटेत, सेंट हेलेना बेटावर, मृत्यू पावली होती. सभागृहे तुडुंब भरत. पण घशाच्या विकाराने त्यांचा आवाज बसला होता आणि बर्मी भाषेत आयुष्य गेल्यामुळे इंग्रजीतून व्याख्यान देण्याची सवयही सुटली होती. ते कुजबुजल्यासारखे एकेक वाक्य बोलत आणि शेजारी उभा असलेला गृहस्थ ते मोठ्याने श्रोत्यांना ऐकवी. लोकांना दूरदेशीच्या अद्भुत हकिगती हव्या होत्या आणि जडसन ख्रिस्ताविषयीच बोलत, त्यामुळे काहींची निराशा झाली. परतलेल्या माणसाकडून ऐकणाऱ्यांनी कशाची अपेक्षा करावी आणि त्याने काय सांगावे, हा तिढा येथे प्रथम इतका स्पष्ट दिसतो. पुढच्याच वर्षी जडसन ब्रह्मदेशास निघून गेले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगबोटींनी व सुएझच्या कालव्याने प्रवास सुकर केला आणि ‘फर्लो’, म्हणजे काही वर्षांच्या सेवेनंतर मायदेशी मिळणारी दीर्घ रजा, हळूहळू रूढ झाली. रजा नावापुरतीच असे, कारण मंडळ्यांमधून व्याख्याने देणे आणि निधी जमवणे हे तिचे ठरलेले काम होऊन बसले. त्याच काळात मिशनऱ्यांची परदेशात जन्मलेली मुले शिक्षणासाठी अमेरिकेत येऊ लागली. कोल्हापुरात मिशन स्थापन करणारे रॉयल वाइल्डर १८७० च्या दशकात सहकुटुंब अमेरिकेस गेले आणि प्रिन्स्टन येथे स्थायिक झाले. १८६३ मध्ये कोल्हापुरात जन्मलेला त्यांचा मुलगा रॉबर्ट तेथील महाविद्यालयात शिकू लागला. त्याने जमवलेल्या विद्यार्थ्यांच्या बैठका वाइल्डर यांच्या घरीच भरत आणि त्या चालू असताना त्याची बहीण ग्रेस शेजारच्या खोलीत प्रार्थना करी. १८८६ च्या उन्हाळ्यात माउंट हर्मन येथे धर्मप्रचारक ड्वाइट मूडी यांनी बोलावलेल्या शिबिरात २५१ विद्यार्थी आले होते; महिना सरता सरता त्यांतील शंभर जणांनी परदेशी जाण्याची तयारी दर्शवली. यानंतर रॉबर्ट वाइल्डर आणि जॉन फोर्मन, तेही भारतातील मिशनऱ्याचेच पुत्र, वर्षभर महाविद्यालये पालथी घालत हिंडले आणि १८८८ मध्ये ‘स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट’, म्हणजे परदेशी मिशनसाठी विद्यार्थी स्वयंसेवक उभे करणारी चळवळ, रीतसर स्थापन झाली. भारतातून परतलेल्या घराच्या बैठकखोलीत या चळवळीचे बीज पडले, ही गोष्ट तिच्या इतिहासात अधिक ठळकपणे मांडली जावयास हवी.

ग्रेस १८८७ मध्ये, तर रॉबर्ट १८९२ मध्ये भारतात आले आणि रॉबर्ट यांनी कलकत्ता व पुणे येथील विद्यार्थ्यांमध्ये काम केले. १९१९ मध्ये ते याच चळवळीचे मुख्य चिटणीस झाले, तेव्हा विद्यार्थी बदललेले होते. त्या वर्षअखेरीस डी मॉइन येथे भरलेल्या अधिवेशनात, महायुद्ध पाहिलेल्या पिढीने जुन्या धाटणीच्या भाषणांवर उघड नापसंती दर्शवली आणि वंशभेद, युद्ध व कामगारांचे प्रश्न पुढे केले. चळवळीला त्यानंतर ओहोटी लागली.

विद्यार्थ्यांमधून मिशन उभे राहणे मात्र थांबले नाही. १९५७ च्या उन्हाळ्यात जॉर्ज व्हर्वर हे विद्यार्थी आणि त्यांचे दोन महाविद्यालयीन मित्र स्पॅनिश धार्मिक पुस्तके घेऊन ट्रकने मेक्सिकोला गेले, आणि या प्रवासाचे पर्यवसान पुढे ‘ऑपरेशन मोबिलायझेशन’ या संस्थेत झाले. सुट्टी संपताच वर्गात परतणे हे या प्रवासाच्या आखणीतच होते. सेलम येथे दीक्षा घेतलेल्या पाचांनी जिची आशा जवळजवळ सोडून दिली होती ती घरवापसी विद्यार्थ्यांच्या मिशनप्रवासात अशा रीतीने पूर्वनियोजित झाली, आणि आजन्म सेवेची जागा काही आठवड्यांच्या सेवेने घेतली.